व्हॉल्व्ह केव्हा मिटावा? क्रूझर मोटारसायकलच्या कॅमची शंभर वर्षे

#थ्रेड

माझा मावसभाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. गेल्या वर्षी त्याने २००३ सालची हार्ले-डेव्हिडसन विकत घेतली. ट्विन कॅम ८८ इंजिनाची, सेकंडहँड. गाडी देखणी, आवाज भारदस्त. परंतु सिग्नलवरून निघताना, किंवा मागे वहिनी बसलेली असताना चढावर, तिचा जीव मेटाकुटीला येई. इंजिनाचे फेरे मिनिटाला साडेतीन हजारांच्या वर गेले की तीच गाडी उसळून धावे. आधीच्या मालकाने "कॅम बदललेला आहे" एवढेच सांगितले होते. कोणता कॅम, कोणी बसवला, केव्हा, याचा एकही कागद नाही.

दादाने मला कॅटलॉगची सात-आठ पाने पाठवली आणि खाली लिहिले, "तू इतिहासवाला ना? मग सांग, यातला कोणता घेऊ?"

प्रश्न थट्टेचा होता. पण एकीकडे कागदपत्रे हरवलेली वस्तू आणि दुसरीकडे आत्मस्तुतीने भरलेले कागद, ही परिस्थिती आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना चांगलीच परिचयाची असते. मी इंजिन उघडू शकत नाही; कागद वाचू शकतो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते या धाग्यात.

प्रथम वस्तूची ओळख. फिरत्या दांड्यावर एका बाजूला उंचवटा ठेवला, की दांडा फिरताना तो उंचवटा समोरच्या वस्तूला ठरावीक क्षणी उचलतो आणि ठरावीक क्षणी सोडून देतो. एवढीच कल्पना. ती इंजिनाहून कितीतरी जुनी आहे. अल-जझरीने १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रविषयक ग्रंथातील स्वयंचलित यंत्रांतही असे दांडे आढळतात. मोटारसायकलच्या इंजिनात हा उंचवटा व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, आणि त्या एका फेरीत इंजिनाचा श्वास व उच्छ्वास दोन्ही उरकतात.

आता १९०९ सालात जाऊ. हार्ले-डेव्हिडसनने त्या वर्षी आपले पहिले व्ही-ट्विन इंजिन बाजारात आणले. त्यात जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला कॅम होता. इंधनमिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला मात्र नव्हता. तो हलक्या स्प्रिंगवर बसवलेला असे आणि पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या ओढीने आपोआप उघडे. सावकाश चालणाऱ्या इंजिनात ही युक्ती त्या काळी सर्रास वापरली जाई. येथे ती फसली. जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस गाड्या बनल्या आणि व्ही-ट्विन मागे घेण्यात आले. १९११ मध्ये ते परतले तेव्हा आत घेणारा व्हॉल्व्हही कॅमच्या हुकमतीखाली आला होता.

या दोन वर्षांत जे बदलले, ते नीट लक्षात घ्या. १९०९ च्या इंजिनात श्वासाची वेळ परिस्थिती ठरवीत होती. १९११ पासून ती माणूस ठरवू लागला. आणि माणूस ठरवणार म्हटल्यावर मतभेद आलेच. दादाच्या हातातला कॅटलॉग म्हणजे त्या मतभेदाची अलीकडची आवृत्ती होय.

मतभेद कशावरून? पिस्टन खाली जातो, मिश्रण आत येते. पिस्टन तळाला पोहोचला की व्हॉल्व्ह बंद व्हावा, हे झाले साधे तर्कशास्त्र. परंतु वाहत्या हवेला वजन असते, आणि वजनाला वेग. इंजिन वेगाने फिरत असेल तर पिस्टन तळाला जाऊन वर निघाला तरी मागून येणारी हवा आपल्या जोराने आत घुसतच राहते. तेव्हा व्हॉल्व्ह उशिरा मिटला तर सिलिंडर अधिक भरतो. इंजिन सावकाश फिरत असताना हा जोर नसतो. मग वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण पुन्हा बाहेर ढकलून देतो.

याचा हिशेब करता येतो. ट्विन कॅम ८८ मध्ये पिस्टनची एकूण चाल चार इंचांची, म्हणजे सुमारे १०२ मिलिमीटर. व्हॉल्व्ह तळबिंदूनंतर ३० अंशांनी मिटला, तर तोवर पिस्टन जेमतेम पाच मिलिमीटर वर आलेला असतो. चालीचा विसावा भाग. तोच ५० अंशांनी मिटला, तर चौदा मिलिमीटर. चालीचा सातवा भाग. कमी फेऱ्यांवर एवढा भाग वाया जातो. सिलिंडरचा आकार तोच, कागदावरचे कॉम्प्रेशन तेच, पण प्रत्यक्ष दाब उतरतो. दादाची गाडी सिग्नलवर का कुंथत होती, त्याचा पहिला सुगावा येथे आहे.

मग कोणी शहाणा माणूस व्हॉल्व्ह उशिरा का मिटवील? उत्तरासाठी आपल्याला कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे गावी टॉम सिफ्टनच्या दुकानात जावे लागेल.

सिफ्टन हा हार्लेचा विक्रेता. पण नाव झाले ते इंजिने जुळवणारा कारागीर म्हणून. १९३० च्या दशकात अमेरिकन मोटारसायकल संघटनेने 'क्लास सी' नावाची स्पर्धाश्रेणी सुरू केली. महामंदीच्या दिवसांत केवळ कारखान्यांच्या खास गाड्यांना नव्हे, तर सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळणाऱ्या गाड्यांना शर्यतीत उतरता यावे, हा तिचा हेतू. त्यात ७५० सीसीपर्यंतच्या बाजू-व्हॉल्व्ह इंजिनांना परवानगी होती. बाजू-व्हॉल्व्ह रचनेत एक जात्याच असलेली अडचण आहे. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी उभे असतात. कॉम्प्रेशन वाढवायला माथ्याखालची जागा कमी करावी, तर मिश्रणाची वाटच अरुंद होते. आकार बांधलेला, दाब वाढवण्याला मर्यादा. उरला तो श्वास. म्हणून कारागिरांची सारी बुद्धी कॅम आणि वायुमार्ग यांवर एकवटली.

सिफ्टनने जुळवलेल्या गाडीवर सॅम अरीनाने १९३८ मध्ये ओकलंडची दोनशे मैलांची शर्यत जिंकली. १९५० मध्ये लॅरी हेड्रिकने स्प्रिंगफील्डची मैलभर वळशाची शर्यत जिंकून राष्ट्रीय क्रमांक एकचा मान मिळवला, तोही सिफ्टनच्या गाडीवर. १९५४ मध्ये हा मान एका शर्यतीऐवजी हंगामभराच्या गुणांवर ठरू लागला. त्या पहिल्याच वर्षी जो लेनर्ड विजेता ठरला आणि त्याच्या केआर गाडीमागेही सिफ्टनच होता. पुढे सिफ्टन हे कॅमचेच नाव झाले. ते छापलेले डबे दुकानांत विकले जात.

येथे थोडे थांबू या, कारण सारा घोळ येथूनच सुरू होतो. मातीच्या मैलभर वळशावर स्वार काय करतो? वळणापुरता थ्रॉटल सोडतो आणि पुन्हा पूर्ण उघडतो. इंजिन सदैव वरच्या फेऱ्यांत. दोन हजार फेऱ्यांवर ते कसे वागते, याच्याशी कोणाला कर्तव्य नाही. अशा ठिकाणी उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह हे निखळ शहाणपण होय. सिफ्टनचे कॅम ज्या प्रश्नाचे उत्तर होते, तो प्रश्न वळशाचा होता. पुढच्या पिढ्यांनी उत्तर उचलले. प्रश्न मागेच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो जवान परतले. लष्कराच्या डब्ल्यूएलए गाड्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या; तरुण त्यांचे पत्रे उतरवीत, इंजिने उघडीत. हौस होती, हातात कसब होते, आणि मालाला गिऱ्हाईक होते. १९५८ मध्ये इलिनॉयमध्ये जॉर्ज स्मिथ आणि स्टॅन्ली स्टँकॉस यांनी एस अँड एस ही कंपनी काढली. त्यांचा पहिला माल कोणता? हलके पुशरॉड. कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत पोहोचवणाऱ्या काड्या त्या. स्टँकॉस लवकरच बाहेर पडला आणि स्मिथची पत्नी मार्ज भागीदार झाली. नावातली दोन्ही आद्याक्षरे मात्र सुखरूप राहिली. मराठी भागीदाऱ्यांच्या इतिहासात इतकी सोयीची फारकत क्वचितच आढळेल.

अँड्र्यूज, सिफ्टन, एस अँड एस यांच्या कॅमना खरे बळ मिळाले ते सरकारकडून, हे थोडे विचित्र वाटेल. १९७८ पासून अमेरिकेत नव्या मोटारसायकलींच्या धुरावर मर्यादा आल्या. १९८३ पासून आवाजावर ८३ डेसिबलची, आणि १९८६ पासून ८० डेसिबलची. आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे असतात. त्याला ओव्हरलॅप म्हणतात. ओव्हरलॅप अधिक, तर न जळलेले इंधन थेट बाहेर निसटण्याची शक्यता अधिक. म्हणून कारखान्याचे कॅम सौम्य झाले. १९८४ चे इव्होल्यूशन इंजिन टिकाऊ होते, तेल गळत नव्हते, परंतु गिऱ्हाइकाला ते दमलेले वाटे. कारखान्याची गाडी आणि स्वाराची अपेक्षा यांत जे अंतर पडले, त्या अंतरावर एक अख्खा उद्योग उभा राहिला. कारखान्यालाही ते उमगले होते. 'स्क्रीमिन ईगल' या नावाने तो स्वतःच तिखट कॅम आणि इतर सुटे भाग विकू लागला.

या दुहेरी व्यवहाराचा हिशेब २०१६ मध्ये झाला. कॅमचा नव्हे, कॅम बदलल्यावर इंधनाची मात्रा जुळवणाऱ्या 'सुपर ट्यूनर' या उपकरणाचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आरोप ठेवला की २००८ पासून अशी सुमारे ३ लाख ४० हजार उपकरणे विकली गेली आणि त्यांमुळे गाड्या मंजूर मर्यादेहून अधिक धूर सोडतात. ती शर्यतीपुरती होती, असे कंपनीचे म्हणणे. १ कोटी २० लाख डॉलरच्या दंडावर तडजोड झाली. ऐंशी वर्षांनंतरही वाद तोच: हा माल वळशासाठी की रस्त्यासाठी?

आता कॅटलॉग. त्यात सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला आकडा असतो कमाल हॉर्सपॉवरचा. हा आकडा खोटा नसतो. तो फक्त एका क्षणाचा असतो. टॉर्क पाउंड-फुटांत घेऊन फेऱ्यांनी गुणा आणि ५२५२ ने भागा, उत्तर हॉर्सपॉवर. म्हणजे फेरे वाढवत नेले की टॉर्क थोडा उतरला तरी हॉर्सपॉवर वाढतच जाते. समजा एक कॅम २५०० फेऱ्यांवर ८५ पाउंड-फूट देतो आणि दुसरा ७२. पहिल्याचे हॉर्सपॉवर ४० च्या आसपास, दुसऱ्याचे ३४. पण ५००० फेऱ्यांवर दुसरा पुढे गेला की जाहिरातीत तोच झळकणार. तीनशे-साडेतीनशे किलोची क्रूझर हमरस्त्यावर शांतपणे चालते ती दोन ते तीन हजार फेऱ्यांत. जाहिरातीतला क्षण तिच्या दिवसात येतो किती वेळा? दादा म्हणाला, "महिन्यातून दोनदा. तेही मुद्दाम."

१९८० च्या दशकाअखेरीस डायनोजेटसारख्या कंपन्यांचे मागचे चाक फिरवून शक्ती मोजणारे यंत्र दुकानादुकानांत पोहोचू लागले. त्याच्या कागदावर संपूर्ण वक्ररेषा असते. सामान्य स्वाराला प्रथमच अस्सल साधन हाती आले. आणि त्याने त्यावरचे सर्वांत उंच टोक तेवढे वाचले. आम्ही बखरींतून लढायांच्या तारखा तेवढ्या उचलतो, त्यातलाच प्रकार.

कॅटलॉगात बारीक छपाईत जे असते, ते खरे वाचनीय. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उंच उचलला जातो. ड्युरेशन म्हणजे किती अंश उघडा राहतो. आणि त्याच ओळीत, बहुधा कोणी न पाहिलेला, आत घेणारा व्हॉल्व्ह मिटण्याचा अंश. निवड प्रामुख्याने या शेवटच्या आकड्यावर करावी, असे माझे मत बनले आहे. ढोबळमानाने, हे अंश तिशीत असतील तर तो कॅम मूळ कॉम्प्रेशनवर रस्त्याला साजेसा. चाळिशीच्या मध्यापलीकडे गेला, की त्याला वाढीव कॉम्प्रेशनचे पिस्टन आणि मोकळे हेड हवेत. ते नसतील तर कॅम उगाचच उशिरापर्यंत दार उघडे ठेवून बसतो.

एक सापळाही सांगून ठेवतो. हार्लेच्या कॅमचे अंश बहुधा टॅपेट ०.०५३ इंच उचलला गेल्यापासून मोजतात. मोटारींच्या जगात ०.०५० इंचाची प्रथा आहे. काही विक्रेते तर व्हॉल्व्ह जागचा हलल्यापासून मोजून फुगलेले ड्युरेशन छापतात. दोन आकडे वेगळ्या मापांनी घेतलेले असतील, तर त्यांची तुलना म्हणजे हिजरी आणि शालिवाहन शके एकाच रकान्यात मांडण्यासारखे.

लिफ्टचा आकडा एस अँड एस कॅमच्या नावातच ठेवते: ५१०, ५५१, ५८५, म्हणजे इंचाचे तितके हजारांश. ट्विन कॅमच्या मूळ स्प्रिंगांवर साधारण ०.५१० इंचापर्यंतचे कॅम चालतात. त्यापुढे स्प्रिंग बदला, अंतरे तपासा, खर्च वाढवा. मूळ हेडवर, मूळ कॉम्प्रेशनवर मोठ्या लिफ्टचा कॅम घेणारा माणूस मला नेहमी बोळकांडीला राजवाड्याचा दरवाजा बसवणाऱ्यासारखा वाटतो.

आता दादाच्या इंजिनाकडे. १९३६ च्या नकलहेडपासून हार्लेच्या मोठ्या इंजिनांत एकच कॅम होता, चार उंचवट्यांचा. १९९९ च्या ट्विन कॅमने तो मोडून दोन कॅम आणले, साखळीने फिरणारे. त्या साखळ्यांना ताण देणारे प्लास्टिकचे बूट स्प्रिंगच्या जोराने दाबलेले असत. ते झिजत, आणि झिजलेले तुकडे तेलपंपाकडे जात. २००६ मध्ये डायना गाड्यांत आणि २००७ मध्ये बाकीच्यांत तेलाच्या दाबावर चालणारी सुधारित रचना आली. तोवर हजारो मालकांनी बूट तपासण्यासाठी ती पेटी उघडली होती. आणि पेटी उघडलीच आहे, तर कॅमही बदलू, असा विचार त्यांतल्या अनेकांनी केला. ट्विन कॅमच्या कॅमची बाजारपेठ अशा 'उघडलेच आहे तर' वर मोठी झाली. काहींनी साखळीच काढून दातेरी चाके बसवली. पण त्यासाठी क्रँकचा डगमगता भाग फार थोडा असावा लागतो, एस अँड एसच्या मते ०.००३ इंचाच्या आत. न मोजता बसवली, तर दाते किंचाळू लागतात.

दादाने पेटी उघडली ती याच कारणासाठी. जुने पुशरॉड बोल्ट कटरने कापून काढले, म्हणजे टाकी आणि रॉकरपेटी उतरवावी लागत नाही. जागी लांबी जुळवता येणारे नवे घालायचे. हा प्रकार वाचूनच माझ्या अंगावर काटा आला होता, परंतु तो सर्वमान्य आहे. कॅम बाहेर आले. आणि त्यांच्या टोकावर, तेल पुसल्यावर, कोरलेला क्रमांक दिसला. दादाने फोटो पाठवला. ताम्रपटावरचे पहिले अक्षर लागावे, तसे मला झाले, हे कबूल करतो.

क्रमांकावरून कॅटलॉगातली ओळ सापडली. व्हॉल्व्ह पन्नाशीच्या जवळ मिटणारा, वाढीव कॉम्प्रेशनसाठी बनवलेला कॅम. आणि हे इंजिन आतून संपूर्ण मूळचेच. आधीच्या मालकाला कोणी तो सुचवला, की केवळ आयडलला येणारा अडखळता, दणदणता ठोका त्याला हवा होता, हे कळायला मार्ग नाही. मोठ्या ओव्हरलॅपने तो ठोका येतो हे खरे. ४५ अंशांच्या या इंजिनात दोन स्फोटांमध्ये ३१५ आणि ४०५ अंशांची विषम अंतरे असतातच. त्यात ओव्हरलॅपची भर पडली की लय आणखी लंगडते. अनेकांनी निव्वळ त्या लयीसाठी पैसे मोजले आहेत. त्यांना मी हसणार नाही. मात्र चढावर मागे बसणाऱ्या माणसालाही एकदा विचारावे.

दादाने तिशीत मिटणारा, मूळ स्प्रिंगांवर चालणारा कॅम घेतला. कॅटलॉगातल्या त्या पानावर त्याचे हॉर्सपॉवर सर्वांत कमी होते. नंतर त्याने आवाजाची ध्वनिफीत पाठवली. ठोका आता बराच सरळ झाला आहे, आणि त्याला त्याची थोडी चुटपुट लागली आहे. वहिनीचे म्हणणे वेगळे आहे: गावाबाहेरचा चढ या वेळी एकदाही गिअर न उतरवता पार झाला.

काढलेले कॅम त्याने तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत. माझ्या आग्रहावरून सोबत एक चिठ्ठी बांधली: कोरलेला क्रमांक, काढल्याची तारीख, मीटरवरचे मैल. नव्या कॅमची दुसरी चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांत आहे.

पुढचा धागा एक्सआर ७५० वर. १९६९ च्या नियमबदलाने केआर इंजिनाचे राज्य कसे संपवले, त्याची ती कथा. तोवर, तुमच्यापैकी कोणाकडे जुन्या शर्यतींचे किंवा गॅरेजांचे कॅटलॉग असतील, तर खाली जरूर कळवा.